पुढचा शाफ्ट आणि भुरीबाईची गिरणी

गाडी उंच करून घेतलेला माणूस दुकानात आला की मी आधी गाडीकडे बघतच नाही. त्याला विचारतो, "जाणार कुठे?" निम्म्या लोकांना या प्रश्नाचा राग येतो. कारण ते तयारीनं आलेले असतात. मोबाइलवर परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून नळी किती जाडीची, जॉइंट कुठला, रंग कुठला, सगळं पाठ झालेलं असतं. आणि हा तेलकट बनियनमधला म्हातारा त्यांना एसटीच्या कंडक्टरसारखा विचारतो, जाणार कुठे!

पण शाफ्टची निवड तिथेच होते, बाकी सगळी आकडेमोड नंतरची.

माझं दुकान जळगावला, अजिंठा रस्त्यावर. पाटीवर 'प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस, बॅलन्सिंग' असं लिहिलंय आणि धंद्याबाहेरच्या माणसाला त्यातलं काहीही कळत नाही. म्हणून आधी थोडक्यात सांगून टाकतो. गाडीचा गिअरबॉक्स चेसिसला घट्ट बसवलेला असतो, तो हलत नाही. चाकांचा एक्सल मात्र पाट्यांच्या स्प्रिंगांवर असतो, खड्डा आला की तो खाली-वर होतो. एक जागा सोडत नाही आणि दुसरा एका जागी ठरत नाही, अशा दोघांना जोडून फिरत राहणारी लोखंडी नळी म्हणजे शाफ्ट. नळीच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एकेक क्रॉस असतो, त्यामुळे ती वाकड्या कोनातही फिरते. आणि मध्ये फोल्डिंगच्या छत्रीच्या दांड्यासारखी सरक असते, त्यामुळे ती लांब-आखूड होते. एवढं कळलं तरी खूप झालं. माझी निम्मी गिऱ्हाइकं एवढंही न समजता गाडी उंच करून मोकळी होतात.

गाडी चार इंच उचलली की गिअरबॉक्स वर जातो, एक्सल जमिनीवरच राहतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या अशा गाड्यांना शाफ्ट दोन. मागचा शाफ्ट लांब असतो, तो कसाबसा सांभाळून घेतो. पुढचा आखूड, त्याचा कोन एकदम उभा होतो. मग क्रॉस अडकतो, गाडी थरथरते, आणि मालक म्हणतो, नाना, इंजिनचं काहीतरी बघा.

मेहरूणचा एक तरुण असाच आला होता. गाडी इतकी उंच की त्याच्या आईला चढायला त्यानं प्लॅस्टिकचं स्टूल सोबत ठेवलेलं. त्याला सर्वांत भारी शाफ्ट हवा होता, गिअरबॉक्सच्या बाजूला डबल जॉइंटचा, म्हणजे एकाच्या जागी दोन क्रॉस, आणि वर लाल रंग. मी विचारलं, "जाणार कुठे?" तो म्हणाला, "तलावाला चक्कर मारतो रोज." मी म्हटलं, "आणखी?" थोडा विचार करून म्हणाला, "कधी कधी दोन चकरा." मी त्याचा पुढचा शाफ्ट सोडवला, पुसला आणि त्याच्याच हातात दिला. म्हटलं, घरी शोकेसमध्ये ठेव, पुढच्या चाकांना ताकद लागेल असा रस्ता तुझ्या नशिबात नाही. दोन दिवस रुसला बिचारा, पण थरथर थांबली. अजून दिसला की लांबूनच हात करतो.

हे सांगताना माझी छाती फुगते हे कबूल करतो. आणि छाती फुगण्याचं फळ काय मिळालं तेच आता सांगायचंय.

माझ्या दुकानाची एक पद्धत होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. शाफ्टचं माप गाडी रिकामी उभी करून घ्यायचं नसतं. गाडी ज्या ओझ्यानं चालणार तेवढं ओझं अंगावर घेऊन उभी पाहिजे. दुसरीकडे वाळूच्या गोण्या टाकतात. माझ्या शेजारी चहाची टपरी. मी बाहेर येऊन ओरडायचो, "वजन पाहिजे हो!" की बाकड्यावरचे सहा-आठ जण कप हातात घेऊनच गाडीत चढायचे. निवृत्त पोस्टमन आप्पा, केळीचे दोन दलाल, बसची वाट बघणारे जामनेरचे पाहुणे, कुणीही. माप झालं की चहा माझ्यातर्फे. गोण्या उचलायला नकोत, टाकायला नकोत, आणि शिवाय गप्पा. आप्पा तर सांगायचे, निवृत्तीनंतर माझं वजन फक्त नानाच्याच दुकानात आहे.

अशात एके दिवशी यावलहून सुपडूभाऊ आले. त्यांच्याकडे जुनी फोर बाय फोर पिकअप. ती त्यांनी उंच केली ती हौसेनं नव्हे. सातपुड्यातल्या पाड्यांवर मीठ, पत्रे, बियाणं पोचवायचं तर नाल्यातल्या दगडांना गाडीचं पोट लागायला नको म्हणून. त्यांच्याबरोबर एक बाई होत्या. चाळिशीच्या, पदर खोचलेला, नजर थेट. त्या भुरीबाई. सुपडूभाऊंनी ओळख करून देण्याआधीच त्या गाडीखाली वाकून बघत होत्या.

मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. उत्तर भुरीबाईंनी दिलं.

"वर आमच्या पाड्यावर. गिरनी न्यायची हाये."

पिठाची गिरणी! पाड्यावरच्या बाया दळणासाठी डोंगर उतरून खाली येतात, डोक्यावर ज्वारी-मका घेऊन. जायला सकाळ, यायला दुपार. भुरीबाई काही वर्षं यावलला एका गिरणीत कामाला होत्या. दगडाला टाकी लावण्यापासून पट्टा चढवण्यापर्यंत सगळं शिकल्या आणि मालकानं नवी गिरणी घेतली तेव्हा जुनी त्यांनी आपल्या नावावर करून घेतली, डिझेल इंजिनासकट. पाड्यावरचे पुरुष हसले. लोखंडाचं एवढं धूड वर येणारच नाही म्हणाले. दगड खांद्यावर नेता आले असते, पण इंजिनाचं काय करणार? बैलगाडी नाल्यापाशीच थांबते.

"आखाजीले पोरी माहेरी येतीन," त्या म्हणाल्या. "मी बठ्ठ्या बायायले सांगेल हाये, ह्या आखाजीचं दयन वरच व्हईन. नही झालं तं मले कोनी उभं नही करनार, नाना."

आखाजी म्हणजे आमच्याकडे अक्षय्य तृतीया. लेकी घरी येतात, झोके बांधले जातात, आणि पिठाशिवाय काही सुरू होत नाही. ती आठ दिवसांवर आली होती.

मला तर स्फुरणच चढलं. इतक्या वर्षांत तलावाला चक्कर मारणाऱ्यांसाठी किती शाफ्ट बनवले, आणि आज कुठे एक खरं काम दारात चालत आलं होतं!

सुपडूभाऊंना धुळ्यात कुणीतरी डबल जॉइंट सुचवला होता. "तोच टाका नाना. लोक म्हंतात, त्याच्याबिगर उंच गाडी चालत नही."

मी त्यांना बाकावर बसवून समजावलं. डबल जॉइंट चांगला, उभ्या कोनात गुळगुळीत फिरतो. पण त्याची एक अट असते. एक्सलचं नाक, म्हणजे शाफ्ट जिथे बसतो ती जागा, वर करून सरळ गिअरबॉक्सकडे रोखावी लागते. पुढच्या एक्सलचं नाक वर केलं की चाकांचा कल बदलतो, आणि मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. दरीच्या कडेनं गिरणी घेऊन जाताना असं स्टिअरिंग कोणाला हवंय? शिवाय त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकांना हातानं फिरवायची लॉकं होती. डांबरी रस्त्यावर लॉक उघडं ठेवलं की पुढचा शाफ्ट फिरतच नाही. नाल्यात लॉक लावायचं, आणि तिथे गाडी माणसाच्या चालीनं जाते. त्या वेगाला थोडी थरथर झाली तर कुणाचं काय बिघडतं? म्हणून दोन्ही टोकांना साधा पण मोठा क्रॉस, जाड नळी आणि मधली सरक. निवड झाली. ती निवड आजही मी चुकीची म्हणणार नाही.

गिरणी यावललाच होती. मी बाहेर येऊन आरोळी ठोकली, "वजन पाहिजे हो! आज गिरणीचं वजन!" नऊ जण चढले. भुरीबाई बाजूला उभ्या राहून हे सगळं नवलानं बघत होत्या. मी गाडीखाली गेलो, कोन मोजला, लांबी मोजली. माझा लेथवरचा कारागीर आत्माराम, धुळ्याकडचा, त्यानं पाटीवर आकडे लिहून घेतले. तीन दिवसांत शाफ्ट तयार झाला. गाडी वाऱ्यासारखी गेली म्हणत नाही, पण माझ्या डोळ्यांना तसंच वाटलं.

आखाजीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, सुपडूभाऊ एसटीतून उतरून दुकानात आले. खांद्यावर गोणपाट. त्यांनी ते माझ्यापुढे उलगडलं.

"तुम्ही एक शाफ्ट देला व्हता, नाना. हे घ्या, दोन झाले."

सरकेच्या ठिकाणी शाफ्ट चक्क सुटून दोन तुकडे झाले होते. नाल्याच्या चढावर, मोठ्या दगडावर पुढची चाकं चढत असताना. गिअरबॉक्सकडचा तुकडा दोनदा चेसिसवर आपटला आणि सुपडूभाऊंनी ब्रेक दाबला. एकट्या मागच्या चाकांवर गाडी पुढे जाईना, आणि गिरणी घेऊन मागे उतरवायची त्यांची छाती होईना. चाकांमागे धोंडे लावून गाडी चढावरच उभी होती. भुरीबाई आणि त्यांचा भाऊ तिथेच राखण करत बसले होते.

चढावर ब्रेक लागला नसता तर? गिरणी राहू द्या, माणसं!

मग सुपडूभाऊंनी खिशातून एक सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या.

"बाईनं देली. गाडीखाली झोपून घेतलं माप तिनं, ह्या टोकापासून त्या टोकालोक. म्हने, नानाले दे, एवढा पायजे."

मी ती सुतळी टेबलावर ताणली आणि शेजारी शाफ्ट जोडून ठेवला. सरक पूर्ण ओढली तरी सुतळी तीन बोटं लांब भरली.

आणि मी काय म्हणालो असेन? "सुतळी ताणली जाते हो. बाईमाणसाला काय कळणार माप!" हे वाक्य मी बोललो. लिहायला लाज वाटते, पण बोललो.

सुपडूभाऊ शांतपणे म्हणाले, "गिरनीचा पट्टा ती असाच मापते, नाना. इंजिन जागेवर बसल्यावर. पह्यले नही."

आत्माराम लेथ बंद करून आला.

"नाना, रागे भरू नका," तो म्हणाला. "त्या दिनले बठ्ठा मानसे पुढे वाकीसन देखी ऱ्हायंतात. मांगे कोनीच टेकेल नव्हतं."

मी टपरीवर गेलो. आप्पांना विचारलं. आप्पा कप खाली ठेवून म्हणाले, "अहो, वाकणारच ना! तुम्हीच गाडीखालून ओरडत होता, 'या, बघा, कोन कसा मोजतात ते बघा!' म्हणून आम्ही सगळे केबिनवर रेलून बघत होतो."

नऊ माणसांचं वजन मी पुढे घेतलं होतं. गिरणी मागे बसणार होती. मागचं ओझं चढावर गाडीचं नाक उचलतं, पुढचा एक्सल लोंबतो, शाफ्ट लांब होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी ते लोकांना शिकवतो! पण लोकांनी माझं कसब बघावं या हौसेपायी मी त्यांना नको तिकडे वाकवलं. इतकी वर्षं असंच माप घेतलं असेल तर किती जणांचे क्रॉस अकाली गेले असतील, कोण जाणे. ते परत आले नाहीत, याचा अर्थ मी काम चांगलं झालं असा घेत राहिलो.

पण रडत बसायला वेळ नव्हता. परवा आखाजी!

तयार मिळणाऱ्या सरकेत अडीच इंचांपेक्षा जास्त खेळ नसतो. लांब नळी केली तर सपाटीवर ती आतून ठोकली जाईल, आखूड ठेवली तर चढावर सुटेल. आम्ही तिघं डोकं खाजवत होतो आणि सुपडूभाऊंची नजर कोपऱ्यात गेली. तिथे कुणाच्या तरी रोटाव्हेटरचा शाफ्ट दुरुस्तीला आलेला होता, ट्रॅक्टरच्या मागे लावतात तो. चौकोनी नळीत चौकोनी नळी, हातभर आत-बाहेर सरकणारी.

"हा तं सुटतच नही कधी," ते म्हणाले.

माझ्या तोंडून आधी निघालं, "तो शेतीचा आहे, भाऊ." आणि लगेच जीभ चावली. का नाही चालणार? चौकोनी शाफ्ट वेगात थरथरतो, म्हणून गाडीला लावत नाहीत. पण हा वेगात फिरणारच नव्हता! डांबरावर लॉक उघडं, नाल्यात चालीची गती. उरलं काय? मला एकदम हसूच आलं. आत्मारामही हसायला लागला. गल्लीतल्या शेती अवजारांच्या दुकानातून कोरी जाड चौकोनी नळी आणली, आतबाहेरची जोडी. टोकांना माझे मोठे क्रॉस. माप सुतळीचं, आणि आतली नळी बाहेरच्या नळीत इतकी खोल ठेवली की चढावर कितीही ओढ बसली तरी वीतभर नळी आतच राहील. दोन्ही टोकांचे, क्रॉस धरून ठेवणारे चिमटे एका रेषेत आले पाहिजेत, नाहीतर शाफ्ट झटके देत फिरतो. म्हणून आत्मारामनं नळीवर लांबलचक पांढरी रेघ ओढली. वेल्डिंग मी केलं. हात वीस वर्षांनी लहान झाल्यासारखे चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या टेम्पोनं आम्ही यावल ओलांडलं. केळीच्या बागा संपल्या, डोंगर लागला, टेम्पो थांबला. पुढे शाफ्ट आळीपाळीनं खांद्यावर. माझं वय सांगत नाही, पण आत्माराम दर वळणावर "नाना, माले द्या" म्हणत होता आणि मी देत नव्हतो.

नाल्यात गाडी होती तशीच उभी होती. नाक आभाळाकडे, मागे दोरखंडांनी बांधलेली गिरणी. भुरीबाई सावलीतून उठल्या. मी शाफ्ट खाली ठेवला आणि आधी जे बोलायचं ते बोललो.

"बाई, माप माझं चुकलं. तुमचं बरोबर होतं."

त्यांनी शाफ्टकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "हा रोटाव्हेटरचा वाटते."

"तोच."

"मंग जाईन," त्या म्हणाल्या.

मी गाडीखाली शिरलो. तापलेले दगड पाठीला चटके देत होते. शाफ्ट एका टोकाला बसला, दुसऱ्या टोकाला ओढला आणि सुतळीच्या मापाला सहज जाऊन भिडला. सुपडूभाऊंनी पुढच्या चाकांची लॉकं फिरवली, चाकांमागचे धोंडे सरकू नयेत म्हणून आत्मारामनं त्यांच्यावर पाय ठेवला. सर्वांत हळू गिअर टाकला. मी बाजूला पोटावर झोपून शाफ्टवर डोळे लावले होते. पांढरी रेघ एकदा फिरली, दोनदा फिरली. पुढचं उजवं चाक दगडावर चढलं, नळी सरसर बाहेर आली, आली, आली, आणि थांबली. अजून वीतभर आत होती! "सोडू नका, भाऊ! जाऊ द्या!" मी ओरडलो, की किंचाळलो, माहीत नाही. गाडी खडखडत त्या दगडावरून उतरली, दुसऱ्यावर चढली. वर पाड्याच्या कडेला बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. गाडी वर पोचली तेव्हा त्यांचा जो कालवा झाला तो मला खाली नाल्यात ऐकू आला, आणि मी दगडावर बसून डोळे पुसले. धूळ गेली होती असं म्हणायला हरकत नाही, पण गेली नव्हती.

मी वर पोचेपर्यंत चौदा-पंधरा जणांनी गिरणी उतरवली होती. आधी हसलेले पुरुष सर्वांत पुढे होते. भुरीबाईंनी इंजिन ओट्यावर बसवलं, पट्टा चढवला, दगडावरून हात फिरवला. संध्याकाळच्या आत इंजिन धडधडायला लागलं. मका आत पडली आणि पीठ येऊ लागलं. मी आपोआप पुढे झालो आणि ओंजळ धरली. एवढं केल्यावर पहिलं पीठ हातात घ्यायचा माझा हक्क आहे असं मला वाटलं असावं.

"ते गुरायचं, नाना," भुरीबाई म्हणाल्या. "दगडाची कच असते पह्यल्या दयनात."

मी ओंजळ बाजूच्या घमेल्यात रिकामी केली. मग चांगलं पीठ सुरू झालं. आता बोलावतील म्हणून मी तिथेच उभा होतो. माझ्या मागे डबे, टोपल्या, गाठोडी घेऊन बाया दाटल्या होत्या आणि मी नेमका गिरणीच्या तोंडाशी. भुरीबाईंनी मान वर न करता हातानंच मला खूण केली.

"सरका, नाना. दयनवाल्या खोयंबल्या हायेत."

मी सरकलो. माझ्या जागी एक म्हातारी बाई आली, तिनं डबा लावला, आणि भुरीबाईंनी तिला विचारलं, बारीक दळू की जाड?